शारजात शिजलेलं त्रिनिदाद

रोल्ला, शारजा

शारजाला मी गेले ती धाकट्या भावाच्या आग्रहावरून, आराम करायला. पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी चहा पिताना मला कळलं, की मी वेस्ट इंडीजच्या स्वयंपाकाची तज्ज्ञ आहे.

हे अविनाशने परस्पर ठरवून टाकलं होतं. रोल्लात त्याचं केटरिंगचं किचन आहे. ऑफिसांचे डबे, बारशी, मुंजी, गणपतीच्या पंगती अशी कामं चालतात, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. दुबईतल्या जबल अली बंदरावरच्या एका शिपिंग कंपनीतल्या केल्विन नावाच्या माणसाने त्याला विचारलं होतं, की तुमच्याकडे आयलंडचं जेवण येणारं कुणी आहे का. अविनाशला आठवलं, की मी एकदा टूर कंपनीबरोबर अंदमानला जाऊन आलेय. तेवढ्यावर त्याने सांगून टाकलं, "माय सिस्टर, आयलंड स्पेशालिस्ट. कमिंग फ्रॉम इंडिया, इन्शाल्ला."

मी लांज्याला मसाले करते. मालवणी, गोडा, मच्छीचा. अंदमानात मी इडली खाल्ली होती. हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, तू टेन्शन घेऊ नकोस. आयलंड म्हणजे नारळ. नारळ आपल्याला येतो."

माझी भाची ईरा तिथेच वाढली, तिथेच कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. तिने मोबाइलवर नकाशा काढून मला केल्विनचं त्रिनिदाद दाखवलं. दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर एक ठिपका. वेस्ट इंडीजच्या क्रिकेटवाल्यांत मधूनच कुणी आपल्या गल्लीतल्या मुलासारखा का दिसतो, हे कोडं मला लहानपणापासून होतं. ते सुटलं संध्याकाळी, केल्विन किचनवर आला तेव्हा. उंच, टक्कल पडलेला, नावाने साहेब आणि चेहऱ्याने थेट बिहारकडचा. त्याच्या खापरपणज्यांना इंग्रजांनी कलकत्त्याच्या बंदरातून बोटीत घालून उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. करार संपला तरी ते परतले नाहीत.

केल्विन जेवणाबद्दल बोलायला आला होता, पण बोलला आईबद्दल. वडील गेल्यावर घराला कुलूप लावून त्याने आईला इकडे आणलं. आल्यापासून तिने जेवण सोडलं होतं. चहा आणि बिस्किट, बस. डॉक्टर म्हणत होते, आजार काही नाही. ती म्हणत होती, मला घरी सोड. घरी तिचं कुणी उरलेलं नव्हतं. शनिवारी तिचा वाढदिवस होता. त्या दिवशी घरचं जेवण समोर आलं, तर ती चार घास खाईल आणि मग इथे रुळेल, अशी त्याची आशा होती. बोलताना त्याने दोनदा चष्मा पुसला.

"आजी इज व्हेरी स्टबर्न," तो म्हणाला.

मला वाटलं तो मराठीत बोलला. पण नाही. त्रिनिदादमध्ये वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, आणि नातवंडांचं ऐकून तोही तिला आजीच म्हणतो. आमचा हा एक शब्द समुद्रापलीकडे ठणठणीत आहे हे ऐकून मला उगाचच आपुलकी वाटली, आणि तिथेच मी फसले. करते म्हणून बसले.

जबल अली

दुसऱ्या दिवशी केल्विनचा बंदरावरून फोन आला. मागे क्रेनचा आवाज, मध्येच भोंगे. अविनाश मोठमोठ्याने यस यस म्हणत होता. फोन ठेवून त्याने आम्हाला सांगितलं, की उद्या सॅम्पल न्यायचंय, सगळं डबल हवंय आणि बाराला पोचायचंय. मी विचारलं, डबल कशाला? तो म्हणाला, मोठी कंपनी आहे, खलास.

मग आम्ही माशाचं कालवण केलं, नारळी भात केला, सोलकढी केली. सगळं दुप्पट. ईराच्या मते कॅरिबियन म्हणजे अननस, म्हणून अननसाचं सासव केलं. बरोबर बाराला आम्ही तिघं आठ डबे घेऊन केल्विनच्या दारात उभे राहिलो. तो कामावर, बायको कामावर, मुलं शाळेत. दार आजींनी उघडलं.

मी पाहतच राहिले. माझी राजापूरची मावशी. तोच सावळा रंग, तसाच किडकिडीत बांधा, पांढऱ्या केसांचा तसाच इवलासा अंबाडा, हातात जाड बांगड्या. फक्त अंगात गुडघ्यापर्यंतचा फुलाफुलांचा फ्रॉक. मावशी अचानक फ्रॉकमध्ये समोर आली, तर नजर कुठे ठेवायची हे माणसाला कळत नाही. मी डब्याकडे पाहिलं.

अविनाशने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "माताजी, खाना लाए हैं."

आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो चिनी बोलतोय. हिंदीचं एक वाक्य त्यांना येत नव्हतं. त्यांची इंग्लिश गाण्यासारखी चाल धरून यायची आणि मला निम्मी कळायची. ईरा मध्ये उभी राहून इंग्लिशमधून मराठीत सांगत होती, म्हणजे तिच्या मराठीत, त्यामुळे उरलेलं मला तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागलं.

त्यांनी विचारलं, डबल्स कुठाय?

"यस मॅडम, डबल," अविनाश म्हणाला. "एव्हरीथिंग डबल." आणि त्याने कालवणाचे दोन्ही डबे उघडून दाखवले.

घोटाळा उलगडायला बराच वेळ गेला. डबल्स हा त्यांच्याकडे रस्त्यावर उभं राहून खायचा पदार्थ. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या चकत्या आणि मध्ये छोले. चकत्या दोन म्हणून डबल्स. त्या चकतीला म्हणतात बारा. आपला वडा तिकडे जाऊन चपटा झाला आणि नावाने बारा झाला. केल्विनने फोनवर विचारलं होतं, बारा येतो का. अविनाश म्हणाला होता, येतो.

आजींनी कालवणाचा एक चमचा घेतला. बरं आहे म्हणाल्या, तापातून उठलेल्या माणसाला चालेल. मग माझी चौकशी सुरू झाली. मी इंडियात कुठली? महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ते कलकत्त्याच्या कुठल्या बाजूला? त्यांच्या घरातल्या सगळ्या गोष्टी कलकत्त्याच्या धक्क्यावर सुरू होत होत्या, त्यामुळे त्यांचा भारत म्हणजे तो धक्का आणि त्याच्या मागे थोडी जमीन.

"धालपुरी येते ना?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, इथे तरी मान राखू. मी म्हटलं, डाळ भरलेली पोळी आमच्याकडे सणावाराला असते. डाळ शिजवायची, गूळ घालायचा, पुरण वाटायचं. ईराने ते सांगितलं तसा आजींचा चेहरा बदलत गेला. गुळापाशी त्यांनी तिला थांबवून पुन्हा विचारलं. डाळीत गूळ?

मी मान हलवली. आजी माझ्या जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि कुणी गेल्यावर विचारतात तशा आवाजात म्हणाल्या, "हे तुमच्याशी कुणी केलं?"

मी इंडियन आहे यावर त्यानंतर त्यांचा विश्वास राहिला नाही. इंडियन बाईला धालपुरी येत नाही, सहीना माहीत नाही, फुलोरीची भजी नुसती ऐकून माहीत, हे कसं शक्य आहे? त्यांनी मला मिस इंडिया म्हणायला सुरुवात केली. कुत्सितपणे म्हणत असाव्यात, पण या वयात ती पदवी मिळाली तर कशाला नाकारा. शेवटी त्यांनी खुंटीवरची हॅट घेतली आणि जाहीर केलं, की आपला वाढदिवस या लोकांच्या हाती सोपवणार नाही. आधी बाजार, मग किचन.

रात्री केल्विनचा फोन आला. आजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून घराबाहेर जाणार आहेत, याचा त्याला इतका आनंद झाला होता की सॅम्पल कसं होतं हे विचारायचं तो विसरला.

रास अल खोर

रास अल खोरच्या घाऊक भाजी बाजारात सगळी दुनिया हिंदी बोलते. पठाण हमाल, केरळचे फळवाले, बांगलादेशचे पालेभाजीवाले, सगळे. आणि सगळे आजींशीच हिंदीत बोलायचे, कारण आमच्यात भारतीय त्याच जास्त दिसत होत्या. त्या इंग्लिशमध्ये उत्तर द्यायच्या. एका बांगलादेशी पालेभाजीवाल्याला ते लागलं. तो मला म्हणाला, बाई मोठी झाली, आपली भाषा विसरली. मी म्हटलं, विसरली खरी, पण एकटीने नाही. चार पिढ्या लागल्या त्याला. त्याने आजींकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि हातातल्या जुड्या खाली ठेवून ताज्या काढून दिल्या.

आजींना एक रानटी पाला हवा होता. कोथिंबिरीच्या वासाचा, लांब दातेरी पानाचा. मळ्यावर गेलेल्यांना कोथिंबीर मिळेना, तेव्हा ओढ्याकाठचा हा पाला त्यांनी शोधला होता. तो इथे मिळणार नाही असं त्या रडवेल्या होऊन सांगत होत्या, तोवर तो त्याच पालेभाजीवाल्याकडे निघाला. पालेभाजीवाला त्याला विलायती धनेपत्ता म्हणत होता. मग केरळवाल्याकडे नीरफणस दिसला. आमच्याकडे परसात असतो, काही घरांत त्याला विलायती फणस म्हणतात. आजी त्याला मिठी मारायच्याच बाकी होत्या. हे फळ त्यांच्या बेटावरचं नाही. कुठल्या दूरच्या समुद्रातून साहेबांनी रोपं आणून लावली, मळ्यावरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. आता ते घरचं झालं आहे. दोन विलायती वस्तू घेतल्या, आणि विलायतेशी दोन्हींचा संबंध एवढाच, की गोरा माणूस त्यांना इकडून तिकडे घेऊन फिरला.

किंमत दिरहममध्ये ऐकून मी मनातल्या मनात रुपये केले आणि नीरफणस खाली ठेवला. आजींनी तो उचलून पुन्हा पिशवीत टाकला.

अळूची पानं पाहिली तेव्हा मात्र आमचं प्रथमच जमलं. त्यांनी हाताने दाखवलं, पानाला पीठ लावायचं, गुंडाळी करायची, कापून तळायची. मी जोरजोरात मान हलवली. सहीना म्हणजे अळूवडी. भर बाजारात आम्ही दोघी एकमेकींना हवेत अळूवडी करून दाखवत होतो आणि अविनाश पिशव्या धरून यल्ला यल्ला, चला चला करत होता.

पुन्हा रोल्ला

किचनमध्ये आल्यावर कळलं, की आजींना हिंदी येत नसलं तरी भांडी येतात. तवा, बेलना, चुल्हा, लोटा. फोडणी देण्याला त्या चौंकणं म्हणत. पालेभाजी ती भाजी. वाक्य एकही नाही, नुसती नामं. त्यामुळे भाषेवाचून कामं भराभर चालली. त्या 'तवा' म्हणायच्या, मी तवा द्यायचे.

भांडण मसाल्यावरून झालं. त्यांनी पर्समधून घरच्या करी पावडरचा पुडा काढला. मी वास घेतला. हळद, धने, मेथी, आणि मिरचीचा पत्ताच नाही. धंद्यातली बाई म्हणून मला बोलल्याशिवाय राहवेना. मग मी माझा मालवणी मसाला पुढे केला. त्यांनी नाकाशी नेला, तीनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, यात फार जण बोलतायत एकाच वेळी. मिरची त्या वेगळी खातात, वरून, ज्याला हवी त्याने.

दुसरं भांडण अळूचं. मी सांगितलं, चिंच घालू या, नाहीतर घसा खाजेल. त्या म्हणाल्या, आमचा अळू खाजत नाही. मी म्हटलं, हा तुमचा अळू नाही. त्यांनी ऐकलं नाही. त्या दिवशी माझी संकष्टी होती, मला चव घेता येत नव्हती. ईरा म्हणाली, "नो वे, आत्या." राहिला अविनाश. त्याने पहिली वडी तोंडात टाकली, छान म्हणाला, दुसरी टाकली, आणि पुढचा सगळा दिवस गिऱ्हाइकांशी घोगऱ्या आवाजात बोलत राहिला. एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याला न ओळखून दोनदा फोन कापला. आजींनी चिंचेला परवानगी दिली. फक्त या वेळेपुरती, असं बजावून.

मैदा मळता मळता त्या बोलत होत्या. मैदाच का, तर मळ्यावर पोत्यांतून पांढरं पीठच यायचं. हरभऱ्याची डाळ नव्हती, पिवळे सुके वाटाणे मिळायचे, म्हणून धालपुरीत तेच. तांदूळ, तेल, मीठ, हळद मोजून मिळायची. खारवलेला मासा थंड समुद्रावरून जहाजाने यायचा, आधी गुलामांसाठी, मग यांच्यासाठी, कारण त्याहून स्वस्त काही नव्हतं. आता पाहुणे आले की तोच हौसेने करतात. साखर जाळून तिच्यात मटण परतायचं हे त्यांच्या सासूने शेजारच्या आफ्रिकन बाईकडून घेतलं, आणि त्या बाईने यांच्याकडून जिरं. पिलाव त्यातूनच झाला. दोघींचं एरवी कुंपणावरून भांडण होतं.

दुपारी मी बाजूला बसून साबुदाण्याची खिचडी खात होते. आजींनी वाकून पाहिलं. हे काय? ईराने सांगितलं, आत्याचा उपास आहे. उपासाला काय चालतं हेही त्यांनी विचारलं. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची. साबुदाणा कशाचा असतो ते अविनाशने घोगऱ्या आवाजात सांगितलं. कसावाच्या कंदाचा.

आजी स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. कसावा त्यांच्या बेटावर गोरे, काळे, इंडियन कुणीही यायच्या आधी जी माणसं होती, त्यांची भाकरी होती. बाकीचं सगळंही त्यांच्याच बाजूचं, शेजारच्या मोठ्या जमिनीवरचं.

"देवासाठी तुम्ही आमचं खाता," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही घरी तुमचं."

मी वाटीतल्या खिचडीकडे पाहिलं. इतकी वर्षं मी सोवळ्यात हे करत आले होते. त्यात एक दाणा आमच्या बाजूचा नव्हता. जिऱ्याचा विचार केला, पण तेही कुठून आलं याची मला आता खात्री वाटेना.

केल्विनचं घर

शनिवारी संध्याकाळी केल्विनकडे त्यांच्याकडची वीस-पंचवीस माणसं जमली. अविनाशने सवयीने ताटाभोवती रांगोळी काढली. आजी टेबलाच्या टोकाला बसल्या. सगळे खातोय असं दाखवत त्यांच्याकडे बघत होते.

आजींनी डबल्स घेतला, वरून मिरचीची चटणी लावली, दोन्ही हातांनी उचलून खाल्ला. मग धालपुरी, नीरफणसाचं नारळात आटवलेलं, खारा मासा, चिंच घातलेली सहीना. मग दुसरी धालपुरी. केल्विन उठून गॅलरीत गेला, नाक शिंकरून आला. त्याच्या बायकोने माझा हात दाबला. अविनाशची छाती इतकी फुगली की मला शर्टच्या बटणांची काळजी वाटली.

ताट चाटूनपुसून झाल्यावर आजींनी हात धुतले, हॅट सरळ केली आणि म्हणाल्या, "आता अंगात प्रवासाची ताकद आली. केल्विन, तिकीट काढ."

 केल्विनने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही त्याच्या घरात चोरी केली. त्याने आईला विचारलं, की तिथे तुझं कोण आहे आता?

"परसातलं नीरफणसाचं झाड आहे," आजी म्हणाल्या. "या दिवसांत फळं पडतात. उचलायला कुणी नाही."

तो म्हणाला, मी तुला इथे फळ आणून दिलं. त्या म्हणाल्या, दिलंस, चांगलं होतं, मी खाल्लं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की इतके दिवस घास उतरत नव्हता कारण त्यांना वाटायचं, इथे पोटभर जेवले की इथेच राहावं लागेल. चुलीपाशी उभं राहिल्यावर कळलं, तसं काही नसतं. पण पाय लटपटत होते, आणि अशा बाईला विमानात कोण चढवेल? म्हणून आज जेवले.

 परतताना गाडीत अविनाश म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकाला काय हवं होतं, आपण काय दिलं."

मी म्हटलं, गिऱ्हाईक कोण होतं ते तू आधी नीट विचारायला हवं होतंस.

केल्विन दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी किचनवर येऊन मुकाट्याने माझं माशाचं कालवण भाताबरोबर जेवला आणि म्हणाला, तिथली माझी एक चुलत बहीण आईसोबत राहायला तयार झालीय. तो स्वतः आईला सोडायला गेला. विमानतळावर मी आजींना मालवणी मसाल्याचा पुडा दिला. त्यांनी तो नाकापासून लांब धरला आणि म्हणाल्या, शेजारणीला देईन, तिचं-माझं पटत नाही. मग मला पोटाशी धरलं. फ्रॉकला जिऱ्याचा वास होता. मी बराच वेळ सोडलं नाही.

लांज्याला परतल्यावर पुढे केव्हातरी केल्विनचा निरोप आला. आजी ठीक आहेत, सकाळी फळं गोळा करतात, रोज जेवतात. त्याने जरा अवघडून असंही कळवलं, की त्या सगळ्या गल्लीला सांगत फिरतात, दुबईत एक इंडियन बाई भेटली होती, मी तिला इंडियन स्वयंपाक शिकवला. कृपा करून वाईट वाटून घेऊ नका.

मी त्याला कळवलं, वाईट कशाचं, खरंच आहे ते. आणि आजींना एवढं विचार, की लाटताना माझी धालपुरी फुटते, काय करू?

त्याच दिवशी उत्तर आलं. वाटाणे अर्धे कच्चेच ठेवायचे, बोटाने दाबले तर मोडले पाहिजेत, चेपले जाता कामा नयेत. खाली केल्विनने लिहिलं होतं, की पुढचं वाक्य आजींचं आहे, माझं नाही: एवढंही तुमच्याकडे आता कुणाला येत नाही का?